पॉइंट पंचेचाळीस

सकाळी गार इंजिन कुणाचंच ऐकत नाही.
ख्वाजा मिस्त्री म्हणायचे, आधी चहा,
मग बोलू त्याच्याशी.
सेन्सरचंही तसंच.
धुराच्या नळीत मान खुपसून बसलेला
हा अंगठ्याएवढा चिनी मातीचा जीव
तीनशे अंशांपर्यंत तापेस्तोवर मुका.
तोवर गाडी पाठांतरावर चालते,
कारखान्यात घोकवलेल्या आकड्यांवर.

मग रेघ हलते.
पॉइंट आठ : पेट्रोल जास्त.
पॉइंट दोन : हवा जास्त.
आवर, म्हणतो कॉम्प्युटर इंजेक्टरला,
लगेच, सोड थोडं,
परत, आवर.
मधे पॉइंट पंचेचाळीस.
तिथं मुक्काम नाही कुणाचा,
येता-जाता फक्त ओलांडायचं,
जिंतूरच्या स्टँडवरून एसट्या जातात तसं.

चारठाण्याच्या गुरांच्या डॉक्टर,
विभावरी टाकळकर, व्हॅन घेऊन तिसऱ्यांदा आल्या.
"लई खायलीय हो पेट्रोल.
परभणीत दोन सेन्सर बदलले.
गाय असती तर आधी तोंड उघडून पाहिलं असतं मी."

प्लग काढले. तव्याच्या बुडासारखे काळे.
आणि लॅपटॉपवरची रेघ तळाला चिकटलेली :
हवा जास्त, हवा जास्त, हवा जास्त.
करेक्शन अधिक पंचवीस.
म्हणजे पोट फुटेस्तोवर वाढणं चालू
आणि ताटावरून ओरड, उपाशी आहे.
दोघांतलं एक खोटं बोलायलंय.
कोणतं,
ते मला दुपारपर्यंत कळलं नाही.

ख्वाजा मिस्त्रींना आता दिसत नाही फारसं.
खुर्चीतूनच म्हणाले, "पंखा बंद कर रे."
मग, "गाडी गार है ना? अब चालू कर."
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं मॅनिफोल्डपाशी फिरवत गेले,
तिसऱ्या सिलिंडरजवळ थांबले.
टिक. टिक. टिक.
"बाहर की हवा घुसरी इधर से."

केसाएवढी चीर होती गॅस्केटला.
सेन्सर बिचारा पेट्रोल मोजतच नाही,
जळून उरलेला प्राणवायू तेवढा त्याला कळतो,
आणि उरलेल्यात
भरधाव रस्त्यावरची हवा येऊन मिसळायली,
हे त्याला कोण सांगणार?

गॅस्केट एकशे चाळीस रुपये.
करेक्शन अधिक दोनवर आलं.
रेघ पुन्हा वर-खाली, वर-खाली.

जाताना डॉक्टरांनी थर्माकोलचा लसीचा डबा पुढं केला,
आत काढून टाकलेले दोन सेन्सर.
"यांचं काही होईल का?"
शेगडीवाल्या पितळी बर्नरची ज्योत एकाला लावली :
पॉइंट नऊ.
ज्योत बाजूला : पॉइंट एक.
दुसऱ्याला लावली.
पॉइंट नऊ.
ख्वाजा मिस्त्री आकडे ऐकत होते.
"और एक बार," म्हणाले.