एक बावन्न, एक नऊ

रेडिओवर देशभरच्या वेळा सांगून होतात
आणि शेवटी निवेदिका जोडते : न्यूफाउंडलंडात अर्धा तास उशिरा.
ते शेपूट ऐकतच आम्ही मोठे झालो.
म्हणून घड्याळावर आमचा विश्वास
ओळखीच्या दुकानदारावर असतो, तितकाच.

लोरेटा नॉफ्टॉल माझ्या समोरच्या टेबलाला बसते.
तिच्या खिडकीतून बंदर दिसतं, धुकं नसेल तर,
म्हणजे दिसत नाहीच.
गेले तीन आठवडे ती एकाच ओळीशी अडली होती :
कोणी काहीच सांगितलं नाही
तर नोंदीच्या माथ्यावर तारीख कशी उमटवायची?

मी म्हटलं, उमटव काहीही. नको असेल तो बदलेल.
ती म्हणाली, कुणी बदलत नाही रे.
सेटिंगचं पान उघडणारा शंभरात एक,
बाकीचे आपण गृहीत धरलेल्या वेळेत
अख्खी नोकरी काढतात.

मग तिने ॲम्ब्रोज हाइन्सचं सांगितलं. आईचा चुलतभाऊ.
माशांच्या शीतगृहात रात्रपाळी, वय एकसष्ट.
नोव्हेंबरात घड्याळं मागे सरकतात त्या रात्री
टर्बटचा ट्रक आला.
दार उघडलं : एक बावन्न.
खोकी आत घेतली. दोन वाजायला आले,
आणि सरकारी नियमाने पुन्हा एक वाजला.
दार लावलं : एक नऊ.
सतरा मिनिटं सगळी.

यंत्राने नोंदी चढत्या क्रमाने मांडल्या.
आधी लावलं, मग उघडलं,
मग पहाटेपर्यंत काहीच नाही.
त्याच रात्री कॉम्प्रेसर मेला होता. मासळी मऊ पडली
आणि बोट ॲम्ब्रोजकडे गेलं.
वर तारीख ०३/११.
बॉस्टनच्या विमावाल्यांनी ती अकरा मार्च वाचली
आणि कळवलं : आपली पॉलिसी एप्रिलपासूनची.

नोंदीत वेळ होती. काळ नव्हता.

एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर ॲम्ब्रोजने
पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं :
'जुन्या एकात उघडलं, नव्या एकात लावलं.'
तो पुठ्ठा कुणी मागितला नाही.
इतका स्वच्छ फॉरमॅट मी तरी अजून पाहिलेला नाही.

शेवटी तिने ठरवलं :
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
मोठ्याकडून लहानाकडे, पत्त्याच्या अगदी उलट.
मग इथली वेळ, भिंतीवर असते ती,
आणि तिच्या मागे, ग्रिनिचपासून आपण किती दूर आहोत ते.
कॅल्गरीच्या परीक्षकाने हरकत घेतली :
सरळ ग्रिनिचची वेळ का नाही? क्रम बिघडत नाही,
ओळीमागे पाच अक्षरं वाचतात.
तिने लिहिलं, ग्रिनिचात आमचं कोणी राहत नाही.
मग ते खोडलं, आणि सभ्य भाषेत लिहिलं :
रात्री दोनला दाराशी उभ्या माणसाला
वजाबाकी करायला लावू नये.
क्रम लावायला यंत्र आहे, त्याला वजाबाकी येते.

दोघांचंही बरोबर होतं, असं मला अजून वाटतं.

शुक्रवारी बदल आत गेला. चाचण्या हिरव्या.
पहिलीच नोंद उमटली, सेवा सुरू झाल्याची,
आणि वेळेच्या शेपटाला : वजा तीन तास, तीस मिनिटं.
रेडिओवरचा तो अर्धा तास, आता लेखी.

मी म्हटलं, या तीसला लोक चूक समजतील.
कुणीतरी बग नोंदवेल बघ.

नोंदवू दे, ती कोट चढवत म्हणाली,
तारीख नीट घाल म्हणावं.