अर्धी गोळी

फ्रिजवर, गॅस बुकिंगच्या नंबराशेजारी
तक्ता चिकटवलाय: आठ, सहा, चार, दोन, एक, अर्धी.
एकदम थांबवायच्या नाहीत, ताम्हाणे बाई म्हणाल्या,
जिना उतरल्यासारखं उतरायचं.
मोरेश्वर म्हणाला, आमच्या शिवडीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाहीच,
सवय आहे.
बाई हसल्या. मी नाही हसले.

माझ्या सात वर्षांच्या तपासण्या एका पिशवीत आहेत,
साडीच्या दुकानाची पिशवी, एक बंद तुटलेला.
नळ्या मोकळ्या. स्त्रीबीजं वेळेवर. अस्तर छान.
अस्तर छान, असं माझं कौतुक
आजवर कुणी केलं नव्हतं.
त्याचा रिपोर्ट एक पान.
त्याच्याच रक्तानं त्याच्याच शुक्राणूंवर
काहीतरी चिकट सोडलंय.
काचेखाली दिसतं म्हणे, डोक्याला डोकं लावून बसलेत,
शेपट्या हलतायत जोरजोरात
आणि पुढं कुणीच सरकत नाही.
शरीराला ते परके वाटतात, बाई म्हणाल्या.

चौदा वर्षं गोदीच्या गेटवर पास तपासतो हा.
पासवरचा फोटो बघायचा, तोंड बघायचं, सोडायचं.
रोजच्या हमालालाही रोज थांबवायचं, नियम आहे.
त्या रात्री भात कालवत राहिला नुसता.
मग म्हणाला,
आत कुणीतरी माझ्यापेक्षा कडक ड्युटी करतंय.

चौथ्या दिवसापासून भूक.
रात्री तीनला डबे वाजतात.
चिवडा, शिळी चपाती गुळाबरोबर,
सासूबाईंच्या उपासाचा भिजवलेला साबुदाणा, कच्चाच.
गाल फुगले, डोळे बारीक झाले.
गेटवर विचारतात, काय भोईर, सासुरवाडी मानवली?
परवा एका नव्या पोरानं त्यालाच अडवलं.
फोटो जुळत नाही म्हणाला.
घरी येऊन हे सांगताना तो हसत होता,
आणि मग ताट सरकवून गॅलरीत जाऊन उभा राहिला,
पार खाडीचे दिवे लागेपर्यंत.

सासूबाई सोमवार धरतात. माझ्या कुशीसाठी.
मी कधी काही बोलले नाही.
काय बोलणार, आणि कुणाचं?
एका रात्री डब्यांच्या आवाजानं त्या उठल्या.
मी पंखा बंद करून ऐकत होते.
आई, तिचं काही नाही. माझं आहे.
नळ ठिबकत राहिला बराच वेळ.
मग त्या म्हणाल्या,
सहावीत तुला चेंडू लागला होता, कॉटन ग्रीनच्या मैदानात.
सुजलं होतं. मी हळद लावली.
दवाखान्यात नेलं असतं तर खाडा पडला असता.
तो म्हणाला, त्यामुळंच असेल असं डॉक्टरलाही सांगता येत नाही.
त्या म्हणाल्या,
पडला असता खाडा तर पडला असता.

सकाळी चष्मा लावून त्यांनी तक्ता वाचला,
सहा गोळ्या मोजल्या, दुधाचा पेला ठेवला.
उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत एवढंच बोलल्या.
सोमवार त्या अजून धरतात,
फक्त साबुदाणा दुप्पट भिजतो.

हमी नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.
काहींना गुण येतो, काहींना नुसतं तोंड सुजतं.
नाहीच जमलं तर सुईनं एकच उचलून
थेट आत सोडू.
म्हणजे बिनपासाचा, मोरेश्वर म्हणाला.
तेव्हा मात्र मला हसू आवरलं नाही,
बाहेर बसलेल्या बायका काचेतून बघायला लागल्या.

आज शेवटची. सुरीनं कापली तर भुगा झाला थोडा,
तो त्यानं बोटानं टिपून घेतला. कडू आहे, म्हणाला,
जसं काही आजच कळलं.
शनिवारी सकाळी सातला माहीमला नमुना द्यायचाय.
उरलेली अर्धी मी कचऱ्यात टाकणार होते.
सासूबाईंनी हातातून घेतली,
कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधली
आणि देवाजवळ नाही,
मिसळणाच्या डब्यात, हळदीशेजारी ठेवली.