एकच व्यक्ती असल्याबद्दल

टोकन एकशे एक्काहत्तर.
भिंतीवरच्या पाटीवर अजून एकशे बारा.
मनामाच्या कोर्टात एसी असा, की
बाहेरच्या जूनला जणू आत यायचा व्हिसाच नाही.
मी ओढणी कानांवरून घेतली आणि बसले.

रविवारी रात्री वेंगुर्ल्याहून फोन आला होता.
"मी हर्षदा. यांची..."
पुढचा शब्द तिनं उचलला आणि परत ठेवला.
मीही विचारला नाही.
तो मे महिन्यात गेला,
मला कळलं मासळी बाजारात, दुसऱ्याच कुणाकडून.
सतरा वर्षांत आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो,
आणि आता त्याचं म्हणून जे काही उरलं होतं
ते सित्राच्या कंपनीत एका फायलीत अडकलं होतं:
ग्रॅच्युइटी, एप्रिलचा पगार, न वापरलेलं तिकीट.
कंपनी म्हणते, पहिली सुटल्याचा कागद आणा.
"ताई, तुमच्याकडे असेल ना?"

नव्हता.
मैत्रिणींना मी सांगत आले, जाळला.
खरं म्हणजे मुहर्रकहून गुदैबियाला बिऱ्हाड हलवताना
कुकरच्या वॉरंटी कार्डाबरोबर तो कुठंतरी गेला.

कोर्टाबाहेर टायपिंगवाला कोया.
अर्जाचे दोन दिनार, घाई असेल तर तीन.
केस नंबर? आठवत नाही.
तारीख? गुरुवार होता.
"चेची, साल तरी?"
साल मी बोटांवर मोजलं,
दाढेला कॅप बसवली त्याच्या आदल्या वर्षी.
निकालाच्या दिवशी घरी जाताना सुरमई घेतली होती,
आणि सवयीनं दोघांच्या मापानं कापून घेतली होती.
हे लिहायला अर्जात रकाना नाही.

कागद कशासाठी हवा? तिथं चार चौकोन.
पुनर्विवाह. प्रवास. दावा. इतर.
'इतर'च्या पुढं वीतभर मोकळी रेघ.
मी सांगितलं, त्याच्या बायकोसाठी.
कोयाची बोटं थांबली,
मग अरबीत तेवढंच उतरलं.

खिडकीपलीकडच्या मुलीच्या बिल्ल्यावर मरवा.
तिनं पेडणेकर शोधलं. नाही.
पद्मजा. नाही.
प्रताप. या नावाचा कुणी इथून कधी सुटलेलाच नाही.

म्हणजे दहा मिनिटं मी त्याची विधवा होते.
ग्रॅच्युइटी माझी, तिकीट माझं,
आणि रडायचं असेल तर तेही माझ्याच वाट्याचं.
मी हातातल्या टोकनाची घडी घातली, उलगडली,
पुन्हा घातली.

मग मरवा स्वतःशीच हसली.
आमच्या भाषेत 'प' नाही ना, म्हणाली,
आणि तिनं 'ब'मध्ये पाहिलं.
होते. दोघंही होते.
बरताब बेदनेकर आणि बदमजा.

बदमजा!
सासरी कुणाला हे सुचलं असतं
तर जन्मभर तेच चिकटलं असतं.
खाली सही मात्र माझी, मराठीतली,
'प'ची काठी वाकडी.
हात कापत होता की पेन वाईट होतं
आता सांगता येणार नाही.

शिक्का बसला. पण कंपनीला पद्मजा हवी,
आणि भाषांतरवाला म्हणतो, कोर्टात 'ब' आहे,
मी माझ्या मनानं 'प' कसा लिहू?
म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकून प्रतिज्ञापत्र:
मी शपथेवर सांगते, की बदमजा आणि पद्मजा
ही एकच व्यक्ती आहे.
वाचून सही करा, म्हणाले.
दोनदा वाचलं. मागचा माणूस खाकरला.
केली.

रात्री सगळ्या पानांचे फोटो हर्षदाला पाठवले.
ती लिहीत असल्याचं बराच वेळ दिसत राहिलं,
मिटत राहिलं, पुन्हा दिसत राहिलं.
मग आलं:
"ताई, जेवलात?"

अजून नाही, मी लिहिलं.
तू?