वाव

दिवाळ्याच्या जेट्टीपासून जरा उत्तरेला
भांगाच्या दिवशी पाणी तासभर कुठेच जात नाही.
तेवढ्या तासात स्पर्धा उरकायची.
सहा नारिंगी बोये, तीन इकडे तीन तिकडे,
आणि मधून मी, सरळ,
ओळंबा आडवा करून ठेवावा तसा.
मागे दोरीच्या टोकाला तेजल मढवी,
वय एकोणीस, एकाच स्कीवर दोन्ही पाय.

आधी वेग वाढवतात.
एकोणपन्नास. बावन्न. पंचावन्न.
सहाच्या सहा बोये घेतले की पुढचा आकडा.
बायकांच्या गटात पंचावन्नाच्या पुढे वेगाला वाव नाही.
मग छळायचं कशानं?
मग दोरी कापतात.
सुरीने नाही. एक रंगीत फासा सोडून
पुढचा खुंटीला अडकवायचा.
सव्वाअठरा, सोळा, सव्वाचौदा,
तेरा, बारा.
काटा तिथंच, पाणी तेच,
माझ्या नि तिच्यामधलं तेवढं
कमी होत आलेलं.

माझे बाबा मीटर ओळखत नसत.
दोन्ही हात पसरायचे, दोरी छातीवरून ओढायची, एक वाव.
त्यांच्या वावेत आणि शेजारच्या हिरूनानांच्या वावेत
चार बोटांचा फरक.
त्यावरून दोन वर्षं अबोला.

आज जांभळा फासा. सव्वाअकरा मीटर.
बाबांच्या हिशेबानं सहा वाव आणि वर एक वीत.
बोया मात्र माझ्या रेषेपासून साडेअकरावर.
म्हणजे दोरी पोचतच नाही.
उरलेला पाव मीटर कुठून आणायचा?
"अंगातून," डिमेलो बाई म्हणतात,
बोटीत मागे तोंड करून बसलेल्या पंच.
खांदा, कोपर, कंबर,
पाण्याला कान लावल्यासारखं ते कलणं.

माझं काम काहीच न करणं.
ती ओढते तेव्हा बोट शेपूट वळवू बघते,
मी चाक पेरभर दाबून धरतो.
दोनशे एकोणसाठ मीटर, सतरा सेकंदांना जरा कमी.
माझी वेळ चुकली तर फेरी पुन्हा,
आणि तिचे तळवे आधीच सोललेले.
"दोर सोरू नको," बाबा म्हणायचे, "आनि ओढू पन नको."
तेव्हा वाटायचं, मग करायचं काय?

पहिला. दुसरा.
आरशात तुषारांची भिंत इकडे पडते, तिकडे उठते.
तिसरा.
चौथ्याला वळसा घातला,
आणि परत येताना, फेसाच्या कडेशी,
खुंटीवरचा ताण गेला.
हे पाठीला आधी कळतं, आरशाला नंतर.

बाई लिहितात: सव्वाअकरावर साडेतीन.

बोट फिरवून जवळ नेली.
ती पाण्यातच, नाकातलं खारं शिंकरत,
"मामा, अर्धा कशाचा दिला?"
निम्म्या वाटेवर परत आलीस, त्याचा.
म्हटलं नाही तसं. टॉवेल दिला.
मग दोरी आत घेत गेलो,
हात पसरून, छातीवरून,
पाचवी वाव, सहावी,
आणि हातात ती वीत.
तिवरांच्या मुळांतून
पाणी सुटायला लागलं होतं.