अकरा मिनिटं

कारखान्यात माझं काम साखर मोजायचं.
बीटच्या रसात किती, मळीत किती वाया,
दशांश चिन्हापुढचे दोन आकडे
माझ्या सहीशिवाय पुढे जात नाहीत.
आणि घरी सुहृदचं यकृत,
एक हट्टी कोठावळा,
आत घेतो सगळं; मागितलं की
किल्ली सापडत नाही म्हणतो.

म्हणून रात्री दोनला गजर.
मक्याचं पीठ, कच्चं, गार पाण्यात.
झोपेतच पितो तो. वर पांढरी मिशी.
स्कॉट्सब्लफच्या वेशीपासून मैलोगणती मका,
आम्ही डबा दुकानातून आणतो.

डेन्व्हर दोनशे मैल.
किंबॉलपर्यंत सरळ रस्ता, मग पवनचक्क्या,
मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम शहर.
डॉक्टर ग्रुनवाल्डबाईंकडे
सुहृदसारखी एकतीस मुलं आहेत.
त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.
शाल्मली म्हणते, खुर्चीत बसल्या बसल्या
मला माहेरी आल्यासारखी झोप येते.

इथल्या हॉस्पिटलात पहिल्या वेळी
आजाराचं नाव मी स्पेलिंगसकट सांगितलं.
तरुण डॉक्टरने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा कॉम्प्युटरकडे.
मीटरवर अडतीस.
बसा, म्हणाला.
तो ‘बसा’ अजून माझ्या कानात उभा आहे.

तेव्हापासून शाल्मली डेन्व्हरची घरं बघते.
दोन खोल्या, बाईंच्या दारापासून नऊ मिनिटं.
भाडं वाचून दाखवत नाही,
फोन नुसता माझ्यापुढे सरकवते.
तिचं म्हणणं, साखर कुठेही मोजता येते.
माझं म्हणणं,
खरं तर माझं म्हणणं काही नाही,
मी नकाशा बोटांनी मोठा करून
तो मधला रिकामा भाग बघत बसतो.

मग जानेवारीत उलट्या.
पीठ पोटात ठरेना. बर्फ आडवं येत होतं,
महामार्गाचं फाटक पाडलेलं, त्यावर लाल दिवे.
अकरा मिनिटांत इथेच नेला.
दारात लोरेटा, रात्रपाळीची,
तिचा नवरा आमच्याच कारखान्याला बीट घालतो.
तिने विचारलं नाही काही.
सलाइनच्या कपाटाच्या दाराला आतून
ग्रुनवाल्डबाईंचं पत्र चिकटवलेलं,
प्लास्टिकमध्ये, कडा नीट कापून,
वर तिच्या हातचं जाड अक्षर:
याला बसवून ठेवायचं नाही.
सुई पहिल्याच टोचणीत लागली.

सकाळी त्याच तरुण डॉक्टरने
डेन्व्हरला फोन लावला, स्पीकरवर,
कागदावर लिहून घेत होता भराभर.
सुहृदने पडल्या पडल्या
त्याचं स्पेलिंग दुरुस्त केलं.

घरांची यादी अजून फोनमध्ये आहे.
तिने पुसली नाही, मीही पुस म्हटलं नाही.
बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार असं कळलंय;
लोरेटाचाही गुडघा दुखतो हल्ली.

दोनचा गजर होतो.
आज कोण, ते आम्ही बोलत नाही,
ज्याचा पाय आधी जमिनीला लागेल तो.
खिडकीतून कारखान्याची वाफ दिसते,
हंगाम संपत आलाय.
पीठ तळाशी बसतं लगेच,
त्याच्या ओठांशी पेला नेईपर्यंत
चमचा थांबवून चालत नाही.