अठरावी तिजोरी

साक्रीची पतसंस्था, दोंडाईच्याचे मिरचीवाले बेदमुथा,
देवपुरातली पॅथॉलॉजी लॅब,
शिंदखेड्याच्या शाळेचा ट्रस्ट, ज्याचे अध्यक्ष
दर तिमाहीला पासवर्ड विसरतात आणि मलाच रागावतात,
असे सतरा जण.
ज्याची त्याची तिजोरी म्हणजे एकेक फाईल,
एकाची चावी दुसऱ्याला लागत नाही.
सगळ्या ढगात.

"ढगात?" बेदमुथाशेठ हसले होते,
"धुळे जिल्ह्यात राहून ढगावर भरोसा ठेवता, ताई?"
म्हटलं, शेठ, ढगाला नुसतं गाठोडं दिसतं,
गाठ आपल्या हातात.

सतरा चाव्या ठेवल्या अठराव्या तिजोरीत.
तिची चावी मात्र कुठेच लिहिलेली नाही:
चार शब्द,
मी आणि योगराज भदाणेनं
आग्रा रोडच्या टपरीवर, चहा गार होईस्तोवर वाद घालून
निवडलेले. अहिराणी.
"चोरांकडे जगातले सगळे शब्दकोश असतात," योगराज म्हणाला,
"आपला कुठून आणतील?"
एक शब्द त्याच्या आईच्या शिवीतला,
एक भांड्याचं नाव,
उरलेले दोन बदलले असले तरी सांगणार नाही.

गेल्या मंगळवारी योगराज पुण्याला गेला.
भांडण नव्हतं, पगार होता.
लॅपटॉप पुसून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला,
मग कपाळाला बोट लावून म्हणाला,
"इथलं कसं पुसू?"

म्हणून त्या रात्री पावणेअकराला बसले.
सतराच्या सतरा चाव्या बदलायच्या,
मग तिजोऱ्यांच्या पोटातलं: बँक, जीएसटी, राउटर,
लॅबचं ते मशीन, ज्याला आठच अक्षरं पचतात.
फोल्डरच्या तळाशी एक अनाथ फाईल सापडली,
"विसंगत प्रत, योगराजचा लॅपटॉप".
कधीतरी एकाच दुपारी
आम्ही दोघांनी एकाच तिजोरीत हात घातला असणार,
ढगाला कळलं नाही खरं कुणाचं,
त्यानं दोन्ही ठेवून घेतलं.
उघडून पाहिलं. फरक एका ओळीचा.
पतसंस्थेच्या नोंदीखाली त्यानं लिहिलं होतं:
मॅनेजरला फोनवर मोठ्यानं सांगू नये, शेजारी त्यांचा मेहुणा बसतो.
ती ओळ इकडे उतरवून घेतली
आणि प्रत पुसली.

राहिले चार शब्द.
डोळे मिटले. मराठी आले, इंग्रजी आले,
हिंदी तर न बोलावता.
अहिराणीतले आले ते रिक्षांच्या पाठीवर रंगवलेले,
लग्नाच्या डीजेत वाजून वाजून गुळगुळीत झालेले,
कुणालाही सुचतील असे.
माझ्या बोलीतले चार शब्द
माझ्याकडे नव्हते.

सकाळी कापडण्याला झेलूफुईला फोन लावला.
"फुई, असे शब्द सांग, जे आता कुणी बोलत नाही."
"कसाले?"
"कुलूप करायचंय."
"सबदनं कुलूप? येडी शे का व माय?"
मग अर्धा तास तिला थांबवता येईना:
जात्याच्या खुंट्याचे, पापडाच्या पिठाचे,
सुनांच्या रुसण्याच्या सात तऱ्हांचे सात,
आणि दिवा लावण्याआधीच्या त्या एवढ्याशा वेळेचा एक.
तो आला तेव्हा ती स्वतःच थबकली.
"हाऊ ते मन्हा ध्यानमाच नव्हता."

तो घेतला. आणखी तीन.

आता दिवसातून पंधरा वेळा मी तो लिहिते,
ओठ घट्ट मिटून.
कापडण्यात तो कुणी उच्चारत नाही,
मला तर उच्चारायची सोय नाही,
आणि पडद्यावर उमटतात
नुसते काळे ठिपके.

काल फुईचा फोन आला, भर दुपारी,
लॅबचं मशीन अडलेलं, दुसऱ्या कानाशी डॉक्टर.
"आखो एक याद उना. लिखी ले."
म्हटलं, फुई, कुलूप झालं गं, आता जागा नाही.
"मंग नुसता ठेई दे."

अठराव्या तिजोरीत नवी नोंद केली.
युजरनेम: झेलूबाई.
पासवर्ड: तो शब्द.
वेबसाइटचा रकाना रिकामा सोडला.