डंपाखालची वाट

कुष्टाकाका फौजेतून आले
तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं वर बर्फातच राहिली होती.
इथं रिवणात बर्फ फक्त मासळीच्या पेटीत.
तरी चैत्रात, काजूच्या दिवसांत,
बंद खाणीच्या डंपाखालून पलीकडच्या बागेत जाताना
ते आम्हाला तिठ्यावर थांबवत.

एकेकानं जायचं. बोलायचं नाही.
पहिल्याचा हात पलीकडच्या फणसाला लागला
की मगच दुसऱ्यानं पाऊल टाकायचं.
उरलेल्यांनी नजर हलवायची नाही,
पुरला गेलाच तर शेवटचा कुठं दिसला
ते ठाऊक हवं.

शेवंती फिसकन हसायची.
डोक्यावर रिकामी पाटी, पोटात पेज,
आणि हा माणूस लाल मातीला बर्फ समजतो!

एकदा रात्री अवकाळी सर येऊन गेली.
सकाळी डंपाच्या अंगावर भेग,
आडवी, कोयत्यानं ओढल्यासारखी.
काकांनी काठी रोवली, उपसली,
भोकात बघितलं
आणि म्हणाले, परत.
बोंडूंचा वास नाकाशी येत होता,
इतकी जवळ होती बाग.

डंप त्या दिवशी आला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
आठवडाभर बोंडू झाडाखाली कुजले,
भट्टीवाल्यानं आगाऊ दिलेले पैसे मागितले,
आणि काका पडवीत पाय चोळत बसून राहिले,
नसलेली बोटंसुद्धा.

आता डंपावर अकेशिया माजलाय.
तिठ्यावर मी थांबते, पोरं मोजते.
पडलाय का गं कधी, विचारतात.
नाही, म्हणते मी.
एकेकानं जा.